भाकितकाराची कैफियत

फुटबॉलचा मोसम तोंडावर आला, की वर्तमानपत्रांच्या क्रीडापृष्ठांवर एका विशिष्ट जातीचा मजकूर दरसाल उगवतो. त्यात दोन प्रतिस्पर्धी संघांची बलाबले समोरासमोर मांडलेली असतात. एकाची आघाडीची फळी धारदार असेल तर दुसऱ्याची बचावफळी अभेद्य असते, एकाचा गोलरक्षक अनुभवी असेल तर दुसऱ्याचा तरुण व होतकरू असतो. आणि दोन्ही पारड्यांत सारखे वजन पडल्याची खात्री झाली, की लेखकमहाशय ‘लढत रंगतदार होईल’ असा निःसंदिग्ध निर्वाळा देऊन मानधनाच्या पावतीवर सही करावयास मोकळे होतात. यंदा हे काम आमच्याकडे आले आहे. कलकत्त्याचे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे जे दोन पुराणवैरी, त्यांच्या आगामी मोसमातील भवितव्याचा तौलनिक विचार वाचकांपुढे ठेवावा, असे संपादकांचे फर्मान आहे. विषय उत्तम, अडचण एवढीच, की २०२५ च्या पावसाळ्यात आम्ही टिपणे काढावयास बसलो तेव्हा दोन्ही संघ होते, दोन्ही संघांचे स्पॅनिश प्रशिक्षक होते, एकमेकांस पाण्यात पाहणारे लक्षावधी अनुयायी होते, नव्हता तो फक्त मोसम.

झाले ते असे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये आपल्या व्यापारी हक्कांचा मक्ता पंधरा वर्षांच्या मुदतीने ७०० कोटी रुपयांस दिला होता, आणि इंडियन सुपर लीगचा सारा डोलारा पुढे त्या मक्त्यावर उभा राहिला. मुदत कधी संपणार हे करारनाम्यात पहिल्या दिवसापासून लिहिलेले होते, आणि दिनदर्शिकेवर एक खूण करून ठेवण्यास पंधरा वर्षांचा अवधी कोणत्याही कारकुनास पुरावा. तथापि ८ डिसेंबर २०२५ ही तारीख जवळ येताना पाहून महासंघाच्या दफ्तरात सर्वांनाच मोठा अचंबा वाटला. जुलैमध्ये मक्तेदारांनी लीग तहकूब ठेवल्याचे पत्र धाडले; महासंघाच्या घटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता; ऑगस्टमध्ये फिफाने निलंबनाची तंबी दिली; आणि अखेर नव्या मक्त्यासाठी निविदा मागवल्या, तेव्हा नोव्हेंबरातील मुदतीअखेर एकही बोली आली नाही. ज्या देशात गल्लीतल्या गणपतीच्या मांडवाचे काम मिळवण्यासाठी चार कंत्राटदार हमरीतुमरीवर येतात, त्या देशाच्या सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेस कोणी फुकट पाहण्यापलीकडे हात लावावयास तयार नव्हते. शेवटी जानेवारीत केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारी २०२६ हा मुहूर्त जाहीर केला: संघ चौदा, प्रत्येकाची प्रत्येकाशी एकच गाठ, सामने एकूण ९१. मोसम सापडला, म्हणून हा लेख लिहिणे प्राप्त झाले. मात्र शोधाशोधीच्या या काळात आमचे असे मत बनले आहे, की भारतीय फुटबॉलमध्ये निकाल लागतो तो कागदावर, मैदानावर होते ती त्याची नक्कल. म्हणून जाणत्या भाकितकाराने खेळाडूंच्या पायांपूर्वी संस्थांचे दस्तऐवज तपासावेत.

तपासणीस आरंभ मूळ सनदांपासून करू. मोहन बागानची स्थापना १८८९ ची. २९ जुलै १९११ रोजी या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आय.एफ.ए. शील्ड पटकावली, आणि तीही अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी असताना. पारतंत्र्यातल्या देशाने त्या दोन गोलांत आपल्या मुक्तीची चाहूल ऐकली, हे रास्तच. त्या दिवसापासून मोहन बागानच्या अनुयायास कोणत्याही पराभवानंतर १९११ या सालाचा नुसता उच्चार करून वाद मिटवण्याचा वंशपरंपरागत हक्क प्राप्त झाला आहे. ईस्ट बंगालची सनद वेगळी. १९२० च्या जुलैमध्ये जोडाबागान संघाने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यातून शैलेश बोस या खेळाडूस वगळले. उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी रदबदली केली, ती कोणी मानली नाही, म्हणून ते संतापून बाहेर पडले, आणि १ ऑगस्ट रोजी नवा संघ उभा राहिला. संघनिवडीच्या तक्रारीतून जन्मलेली ही संस्था शतकभर त्याच तक्रारीच्या व्याजावर जगत आली आहे, असे आम्ही म्हटले तर तिचे अनुयायी रागावतील. परंतु त्यांनी रागावणे हाच आमच्या विधानाचा पुरावा होय. १९२५ च्या मे महिन्यात कलकत्ता लीगमधली दोघांची पहिली गाठ पडली, तीत ईस्ट बंगालने १-० असा जय मिळवला. पुढे फाळणीने पूर्वेकडून निर्वासितांचे लोंढे कलकत्त्यास आणून सोडले, आणि ज्यांचे घर सीमेपलीकडे राहिले त्यांना या संघाच्या लाल-पिवळ्या रंगांत घर सापडले. येथे उपहासाची लेखणी क्षणभर खाली ठेवणे आम्हांस योग्य वाटते.

ती पुन्हा उचलण्यास मासळीबाजार सोयीचा आहे. मोहन बागानचा पक्ष कोळंबीचा, ईस्ट बंगालचा हिलसाचा. जो संघ जिंकेल त्याच्या मासळीचा भाव त्या सायंकाळी वाढतो, असा तेथील लौकिक आहे. त्यामुळे एका विशिष्ट वर्गाचे हितसंबंध नेहमी विजयाच्या बाजूने असतात, मग विजय कोणाचाही असो. तो वर्ग मासे विकणाऱ्यांचा.

आता मालकी. पूर्वी हे संघ वर्गणीवर व पदाधिकाऱ्यांच्या साहसावर चालत. खेळाडूने सुटरकिन स्ट्रीटवरील आय.एफ.ए.च्या कचेरीत स्वतः हजर राहून सही करावयाची, आणि सही होईपर्यंत त्याला प्रतिपक्षाच्या नजरेआड कोंडून ठेवावयाचे, असा रिवाज होता. ईस्ट बंगालचे जीबन चक्रवर्ती व पल्टू दास ही दुक्कल या विद्येत इतकी प्रवीण, की खेळाडूंच्या आईबापांनाही मुलाचा ठावठिकाणा त्यांच्याकडेच विचारावा लागे. १९९८ मध्ये या सनातन वैरास अद्वैताचा साक्षात्कार झाला: मद्यव्यवसायातील एकाच उद्योगसमूहाने दोन्ही संघांत भागीदारी घेतली, आणि एक मॅक्डॉवेल मोहन बागान व दुसरा किंगफिशर ईस्ट बंगाल होऊन परस्परांशी प्राणपणाने लढू लागले. त्या काळात सामना कोणीही जिंको, गल्ला एकाच घरी जात असे. आज मोहन बागानची सूत्रे ज्या गोयंका समूहाकडे आहेत, त्याच्याकडेच कलकत्त्याच्या वीजपुरवठ्याचे काम आहे. आणि ईस्ट बंगालचे बोधचिन्ह आहे मशाल! महानगराची वीज एका पक्षाकडे आणि दुसऱ्याच्या हाती चूड, असा विषम सामना कोणा नाटककाराने योजला असता तर समीक्षकांनी त्यास भडक ठरवले असते. ईस्ट बंगालचा कट्टर अनुयायी महिनाअखेरीस विजेचे बिल भरताना मनात काय म्हणत असेल, त्याची कल्पना आम्ही करू शकतो. छापू शकत नाही.

धनवान घरात दत्तक गेल्याची किंमत मोहन बागानलाही मोजावी लागली. २०२० साली एटीके या संघाशी विलीनीकरण होऊन या वयोवृद्ध संस्थेच्या नावापुढे ‘एटीके’ ही अक्षरे लागली. ती काढावीत म्हणून अनुयायांनी तीन वर्षे गदारोळ केला, आणि मार्च २०२३ मध्ये गोव्याच्या फातोर्डा मैदानावर सुपर लीगचा चषक जिंकल्यावर मालकांनी प्रसन्न होऊन ती काढली. मात्र मागून ‘सुपर जायंट’ जोडले. ईस्ट बंगालने त्याच २०२० साली एका सिमेंट कंपनीचा हात धरला; दोन वर्षांत तो जोड निखळला, आणि त्याची जागा सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्या कंपनीने घेतली. पाया भक्कम होईना, तेव्हा चेहऱ्याकडे लक्ष द्यावे, हा विचार व्यवहारास धरून आहे.

चेहऱ्यास त्याची गरज होतीच. सुपर लीगमध्ये आल्यापासून पाच मोसमांत ईस्ट बंगालचा क्रमांक नववा, अकरावा, नववा, नववा, नववा असा लागला; हा क्रमांक नसून वतन आहे, आणि ते दर उन्हाळ्यात नव्या प्रशिक्षकाच्या नावे फेरफार होऊन कायम राहते. लीगमधील परस्परांच्या दहा सामन्यांत त्यांचे पराभव नऊ, बरोबरी एक, जय शून्य. उलट मोहन बागानने २०२४-२५ मध्ये ५६ गुणांचा विक्रम करून लीगमधील अव्वल क्रमांकाची शील्ड व अंतिम सामन्याचा चषक दोन्ही घरी नेली. त्या मोसमात ईस्ट बंगालचे गुण बरोबर निम्मे, २८ भरले. त्याच मोसमातला, जानेवारीतला, परस्परांचा परतीचा सामना तर कलकत्त्यात होऊच शकला नाही. गंगासागरच्या यात्रेमुळे पोलीस बंदोबस्त मिळेना, म्हणून शहराचे हे कौटुंबिक भांडण गुवाहाटीस जाऊन भांडावे लागले, आणि ईस्ट बंगाल तेथेही हरले. शेजाऱ्याचा मार खाण्यासाठी एवढा प्रवासखर्च सोसणारी संस्था विरळा.

एका आघाडीवर मात्र दोन्ही पक्ष खरोखर तुल्यबळ ठरले. २०२४ साली बचावपटू अन्वर अली मोहन बागान सोडून ईस्ट बंगालकडे गेला. महासंघाच्या समितीने त्यास चार महिन्यांची बंदी व १२.९० कोटी रुपयांची भरपाई फर्मावली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि समितीचा हुकूम काही दिवसांतच निष्प्रभ झाला. त्या पंधरवड्यात अनुयायांनी जितक्या तन्मयतेने नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांचे परिशीलन केले, तितके कायद्याच्या महाविद्यालयांतही होत नसावे. उभय संघांतील अलीकडची सर्वांत चुरशीची लढत हीच, आणि ती वकीलपत्रांवर खेळली गेली.

या सर्व कागदपत्रांवरून कोणीही मोहन बागानच्या बाजूने निकाल देऊन मोकळा होईल. जेमी मॅक्लारेनसारखा गोल करणारा, गोव्याचा लिस्टन कुलासो डाव्या बगलेवर, आणि आता होझे मोलिना यांच्या जागी सर्जियो लोबेरा. हे लोबेरा आम्हां मुंबईकरांच्या ओळखीचे. आधी गोव्याच्या संघास त्यांनी आक्रमक खेळाची गोडी लावली, मग मुंबई सिटीस २०२०-२१ मध्ये शील्ड व चषक दोन्ही मिळवून दिली, आणि दोन्ही वेळा ज्याच्या तोंडचा घास काढला तो संघ मोहन बागान. ज्याने घर लुटले त्यालाच पहाऱ्यास ठेवण्यात एक प्रकारचे शहाणपण आहे. (मुंबई सिटीचे मँचेस्टरवासी धनको डिसेंबर २०२५ मध्ये गाशा गुंडाळून गेले, पण मुंबईच्या फुटबॉलला निरोपांची सवय आहे. १८९१ पासूनची रोव्हर्स स्पर्धा, जिच्यासाठी कलकत्त्याचे हे दोन्ही संघ कूपरेजवर येत, तीही आपण अशीच शांतपणे बंद पडू दिली.)

परंतु मोसम हरवलेला होता त्या महिन्यांत मैदानाने कागदाविरुद्ध काही आक्षेप नोंदवून ठेवले आहेत, ते दप्तरदाखल केल्यावाचून आमची कैफियत पुरी होणार नाही. १७ ऑगस्ट रोजी ड्युरँड चषकाच्या उपउपांत्य सामन्यात दिमित्रियोस दियामंताकोसच्या दोन गोलांवर ईस्ट बंगालने विक्रमवीर मोहन बागानला २-१ असे बाहेर काढले; आणि तीनच दिवसांनी डायमंड हार्बर या काल-परवा स्थापन झालेल्या संघाकडून स्वतः हरून आपल्या परंपरेस जागले. ऑक्टोबरात आय.एफ.ए. शील्डच्या अंतिम सामन्यात १-१ बरोबरी झाली. पेनल्टी किकांच्या तोंडावर ईस्ट बंगालचे प्रशिक्षक ऑस्कर ब्रुझोन यांनी गोलरक्षक बदलला आणि सामना गमावला. संघनिवडीची तक्रार, पुन्हा! महिनाअखेरीस फातोर्ड्यावर सुपर कपमध्ये दोघांची ०-० अशी बरोबरी झाली, ती पुढच्या फेरीत जाण्यास ईस्ट बंगालच्या पथ्यावर पडली, आणि अंतिम सामन्यात एफसी गोवाने त्यांना पेनल्टींवर परत पाठवले. म्हणजे अडीच महिन्यांतील तीन गाठींत एक जय, दोन बरोबऱ्या, आणि दोहोंपैकी प्रत्येकाकडे ‘आम्हीच सरस’ म्हणावयास पुरेसा पुरावा.

भाकितांच्या धंद्याविषयी अखेरचा इशारा १९९७ चा. फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यापूर्वी मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांची ‘डायमंड’ व्यूहरचना साऱ्या बंगालच्या तोंडी होती. त्यांनी गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचा ६-० असा फडशा पाडला होता, आणि त्या भरात प्रतिपक्षाच्या खेळाडूंच्या नावांवर कोट्या करीत ओमोलोचे ऑम्लेट व सोसोची काकडी करून टाकली होती. १३ जुलै रोजी सॉल्ट लेकच्या क्रीडांगणात १,३१,७८१ प्रेक्षक ही न्याहारी पाहण्यास जमले. बायचुंग भुतियाने तीन गोल केले, ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकले, आणि हिलसा महागला.

सबब, आमचा निर्वाळा पुढीलप्रमाणे. लीगमध्ये मोहन बागान वरचढ राहील, कारण पैसा, आघाडीची फळी आणि लोबेरा हे तिन्ही त्यांच्याकडे आहेत. ईस्ट बंगाल नवव्या क्रमांकाचे वतन यंदा सोडील, असे शरद ऋतूतील खेळ पाहून म्हणावेसे वाटते. परस्परांतील सामना एकच व्हावयाचा आहे. त्यावर वाचकांनी पैसे लावू नयेत, मासळी मात्र आदल्या दिवशीच घेऊन ठेवावी. आणि १४ फेब्रुवारीस पंचांची शिट्टी वाजली नाही, तर हा संपूर्ण निर्वाळा रद्द समजावा.