खरं गिऱ्हाईक कळवा, बक्षीस मिळवा

शहर कुठलंही असो, जिल्हा पानावर ही बातमी अधूनमधून येतेच. चौकाचं नाव बदलतं, मजकूर तोच. मसाज सेंटरच्या नावाखाली चालणाऱ्या वेश्याव्यवसायाचा पर्दाफाश. खबऱ्यामार्फत गोपनीय माहिती, बनावट गिऱ्हाईक पाठवून खात्री, ठरलेला इशारा मिळताच छापा. चार महिलांची सुटका, चालक महिलेवर पिटा कायद्यान्वये गुन्हा. सोबत फोटो : पुढे तोंडाला ओढण्या गुंडाळलेल्या बायका, मागे ताठ मानेनं उभं असलेलं पथक.

बातमीत कुणाची उणीव नसते. खबरी असतो, पंच असतात, वरिष्ठांच्या मार्गदर्शनाचा उल्लेख तर असतोच असतो. गिऱ्हाईक मात्र एकच, आणि तेही बनावट.

यावरून आमच्या कट्ट्यावर एक शोध लागला आहे. महाराष्ट्रात या धंद्याला खरं गिऱ्हाईकच नाही! दलालाचं कमिशन, मालकिणीचा वाटा, खोलीचं भाडं, हा सगळा डोलारा पोलिसांनी धाडलेल्या त्या एका बनावट माणसावर उभा आहे. त्यानं दोन महिने रजा टाकली की धंदा आपोआप बसेल. मागणी कमी करण्याचा इतका स्वस्त उपाय गृहखात्याला आजवर सुचू नये, याचं नवल वाटतं.

पोलिसांना तरी किती बोल लावायचे? कायदाच मुळात गिऱ्हाइकाचा मान राखणारा. १९५६ च्या पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात कुंटणखाना चालवणाऱ्याला कलम आहे, दलालाला आहे, कमाईवर जगणाऱ्याला आहे. सार्वजनिक जागेजवळचा प्रकार सोडला, तर गिऱ्हाइकाला स्वतंत्र कलम नाही. त्याला ओढूनताणून दुसऱ्या कलमांत बसवता येतं का, यावर उच्च न्यायालयांचंही एकमत नाही. रस्त्यावर खाणाखुणा करून बोलावण्याचं आठवं कलम तर मुद्दाम वाचावं. बाईनं केलं तर पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद. पुरुषानं केलं तर सात दिवस ते तीन महिने. पुरुषाला घरी कामं असतात, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक असावं.

२००६ मध्ये एक दुरुस्ती विधेयक आलं होतं. देहव्यापारासाठी पळवून वा फसवून आणलेल्या व्यक्तीकडे कुंटणखान्यात जाणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, असं त्यात सुचवलं होतं. लोकसभेची मुदत संपली, विधेयकही संपलं. त्यानंतर किती सरकारं आली आणि गेली. त्याची आठवण काही कुणाला झाली नाही.

आता सुटकेचा थाट पाहा. जिची सुटका झाली ती दंडाधिकाऱ्यांपुढे उभी राहते. चौकशी होईपर्यंत तिला तीन आठवडे ताब्यात ठेवता येतं, आणि पुढे एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला तीन सज्ञान तरुणींना या सुटकेतून मोकळं करावं लागलं. गिऱ्हाईक सापडलंच, तर ते बहुधा जबाब देऊन रात्रीच्या जेवणाला घरी असतं.

जप्तीची यादी तर वाचनीय. रोख रक्कम, मोबाइल, निरोधची पाकिटं. सरकारचं एक खातं एड्स टाळण्यासाठी वस्तीत निरोध फुकट वाटतं, दुसरं खातं तेच पुरावा म्हणून पिशवीत घालून सील करतं. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं निरोध हा पुरावा मानू नये, छाप्यात सापडलेल्या बायकांची ओळख उघड करू नये, असं बजावलं. न्यायालयाचा मान राखून ओढण्या तेवढ्या दिल्या गेल्या. फोटो चालूच आहेत.

आणि मोबाइल! त्यात नंबर असतात, चॅट असतं, यूपीआयवर पैसे आल्याचे नावानिशी मेसेज असतात. मागणी म्हणतात ती सगळी त्या एका डबीत असते. पंचनाम्यात काय लिहिलं जातं? 'एक काळ्या रंगाचा मोबाइल, जु. वा. किं. अं.', म्हणजे जुना वापरता, किंमत अंदाजे. झालं!

२०२१ च्या ऑगस्टमध्ये नागपुरात गंगा-जमुना या वेश्यावस्तीच्या वाटा बॅरिकेड लावून बंद झाल्या. मागणी बॅरिकेडपाशी आली, थबकली, खिशातून फोन काढला आणि दुसऱ्या पत्त्यावर गेली. उपाशी राहिल्या त्या आतल्या बायका.

परदेशात वेगळे प्रयोग झालेत. स्वीडननं १९९९ पासून विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं, विकणारीला नाही. सॅन फ्रान्सिस्कोत १९९५ पासून पकडलेल्या गिऱ्हाइकांसाठी एक दिवसाचा वर्ग सुरू झाला. फी भरा, दिवसभर ऐका, खटला टळतो. आपल्याकडे असा वर्ग काढायला हरकत नाही. फक्त उद्घाटनाला बोलावलेले पाहुणे चुकून विद्यार्थ्यांच्या यादीत निघू नयेत, एवढी काळजी घ्यावी लागेल.

सरसकट सगळ्या गिऱ्हाइकांना आत टाका, असं मात्र खुद्द या धंद्यातल्या बायकाही म्हणत नाहीत. सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेचा याला विरोधच आहे. गिऱ्हाईक घाबरलं की सौदा अंधारात होतो, आणि अंधारात मार बाईच खाते.

मग करायचं काय? नवा कायदा नको, परदेश दौरा तर नकोच. भारतीय न्याय संहितेचं कलम १४४ पुस्तकात आहे. बाई तस्करी करून आणलेली आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असूनही तिचं लैंगिक शोषण करणाऱ्याला तीन ते सात वर्षं. ती अल्पवयीन असेल तर पाच ते दहा. तेव्हा साहेब, अल्पवयीन किंवा डांबून ठेवलेली मुलगी सापडली की त्या मोबाइलची किंमत लिहीत बसू नका, तो उघडा आणि त्यातल्या नावांच्या दारात जा. सज्ञान बाई स्वखुशीनं तिथं असेल तर तिला घरी जाऊ द्या. आणि एकदा तरी फोटोत ओढणीऐवजी रुमालानं तोंड झाकलेला पुरुष दिसेल, एवढी कामगिरी करून दाखवा.