सेंडॉफवाला दादा

रत्नागिरीच्या प्रत्येक कॉलेजात एक दादा असतो. त्याचं खरं नाव हजेरीपटावर असायचं; आता तो हजेरीपटावर नसतो, नुसता कॉलेजात असतो. प्राचार्य निवृत्त झाले, कॅन्टीनचा ठेका फिरला, जिन्याखालचा झेरॉक्सवाला सासरा झाला; दादा आहे तिथे आहे. एफवायच्या मुलांना तो नवे सर वाटतो आणि नव्या सरांना पालक. दोघांचाही नमस्कार तो सारख्याच अदबीने स्वीकारतो.

दादाची बीकॉमची डिग्री एका विषयापायी अडलेली असते. विषय कॉस्टिंग. "एकच केटी राहिल्ये," हे तो अशा सुरात सांगतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, याची गावाकडे एक आमराई राहिलेली आहे आणि ती विकायचा त्याचा विचार नाही.

पण दादाचं खरं राज्य परीक्षेत नाही, परीक्षा संपल्यावर. टीवायचा शेवटचा पेपर सुटला, शर्टांवर स्केचपेनने सह्या झाल्या, दोनचार मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या, की फाटकाशी दादा उभा. पेट्रोलची वर्गणी त्याने आदल्या दिवशीच काढलेली असते. "चला, पुळ्याला!"

गणपतीपुळ्याला निवळी फाट्यावरून जायचं नाही, आरे-वारेच्या किनाऱ्याने जायचं, हा त्याचा दंडक. निवळीचा रस्ता यात्रेकरूंचा, आरे-वारेचा विद्यार्थ्यांचा. वारेच्या चढावर गाड्या थांबतात, खाली समुद्र, फोटो निघतात. आजवरच्या एकाही बॅचच्या फोटोत दादा नाही, कारण सगळ्यांचे मोबाईल त्याच्याच हातात दिलेले असतात.

पुळ्यात आधी देऊळ. इथला गणपती स्वयंभू, पश्चिमेकडे तोंड करून समुद्र बघत बसलेला. डोंगर तोच देव, म्हणून प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला, जवळजवळ एक किलोमीटरची. एप्रिलच्या उन्हात वाट अशी तापते की अनवाणी पोरं चालत नाहीत, नाचतात. मागून दादा ओरडतो, "तीन वर्षं लेक्चरं चुकवलीत, आता एक प्रदक्षिणा तरी पुरी करा!" वर सूचना, "आणि देवाकडे निकाल मागू नका. निकाल विद्यापीठाकडे असतो, तिथे याचंही चालत नाही."

मग किनारा. इथे मात्र दादाची थट्टा बंद होते. पुळ्याचा समुद्र दिसायला गरीब, पण पायाखालची वाळू काढून घेणारा. तशा धोक्याच्या पाट्याही आहेत आणि त्या कोणी वाचत नाही. दादा गळ्यात पीटीच्या सरांची शिट्टी अडकवून येतो. पाणी गुडघ्यावर गेलं की शिट्टी. येताना मोजलेली डोकी जाताना पुन्हा मोजतो, आणि आकडा जुळल्याशिवाय कोकम सरबत कुणाला मिळत नाही.

सरबतानंतर भाषण. ते दरवर्षी तेच असतं, आणि दरवर्षी नवीन माणसं असल्यामुळे दरवर्षी गाजतं.

"रडू नका. मुंबई विद्यापीठाची पहिली बॅच १८६२ साली पास झाली. चौघंच. रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. पहिल्याच बॅचमध्ये मोडक! याचा अर्थ या विद्यापीठावर पुळ्याच्या गणपतीची नजर सुरुवातीपासून आहे. तेव्हा ज्यांना पास व्हायचंय ते होतील. पण घाई कसली? टिळक आपल्या रत्नागिरीतच जन्मले. डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष त्यांनी अभ्यास गुंडाळून तालमीत घालवलं. काही बिघडलं?"

इथे टाळ्या. टिळकांनी तालीम केली, दादाने त्या वर्षांत काय केलं, हे कोणी विचारत नाही.

"आणि हे शेजारचं मालगुंड. केशवसुतांचं गाव. जन्म १८६६, मॅट्रिक १८८९. करा वजाबाकी. मराठी कविता बदलणारा माणूस, त्याला मॅट्रिकला एवढा वेळ लागला. आणि पास झाल्यावर काय? नोकरी! मुंबई, फैजपूर, धारवाड, आणि १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले. पास झाल्याचे परिणाम हे असे असतात."

हशा पिकतो. शेवटी व्यवहाराच्या गोष्टी: लायब्ररीची पुस्तकं परत करा, नो ड्यूज घ्या, आयकार्ड हरवल्याचं सांगून ठेवून घ्या. "एसटीचा विद्यार्थी पास संपला की कळेल जग काय असतं. मुलींचं बरंय, त्यांना २०२३ पासून अर्धंच तिकीट. तुम्ही पोरगे मात्र उद्यापासून पूर्ण तिकिटाचे नागरिक." एवढं झाल्यावर सगळे रडतात. दादा रडत नाही. त्याला निकालाचं टेन्शन नसतं आणि निरोपाचंही नसतं. ज्याला जायचंच नाही, त्याने कशाला रडावं?

न जाण्यामागे दादाचा स्वतःचा अभ्यास आहे. टिळक-भांडारकरांच्या काळी डिग्रीसाठीच रत्नागिरी सोडावी लागे. १९४५ साली इथे कॉलेज आलं, आताचं गोगटे-जोगळेकर. शिक्षणासाठी जायचं थांबलं. पण डिग्री हातात पडली की पोटासाठी जावं लागतं, ते काही थांबलं नाही. पूर्वी एसटीने रात्रभर हाडं खिळखिळी करत जायचे, आता कोकण रेल्वेने जातात. त्यात एका गाडीचं नाव २०१७ साली 'तुतारी एक्सप्रेस' ठेवलं, केशवसुतांच्या कवितेवरून. मालगुंडच्या कवीने तुतारी फुंकायची आणि मालगुंडच्या पोरांनी पिशव्या घेऊन दादरला उतरायचं.

दादाच्या घरातच दाखले आहेत. थोरला भाऊ पहिल्या झटक्यात पास झाला, तो डोंबिवलीला गेला. मधल्याला फर्स्ट क्लास मिळाला, तो विरारला. दोघांनाही आता घर आठवतं ते चतुर्थीला आणि शिमग्याला, तेही आरक्षण मिळालं तर. घरी आई, पंचवीसेक माड, आणि पर्यटकांसाठी घरगुती जेवणाची खाणावळ. आईने एकदाच विचारलं, "तुझा निकाल कधी रे?" दादा म्हणाला, "नापास झालो." आई म्हणाली, "बरं, मग नारळ उतरवायला गडी सांगून ठेव." त्या घरात नापास झाल्याबद्दल एवढं निवांत कोणी बोललं नव्हतं.

तेव्हापासून केटी हा दादाचा नांगर झाला. बापूस, काका, डोंबिवलीचा भाऊ, कोणीही "मुंबईला ये, चिकटवतो कुठेतरी" म्हणालं, की उत्तर तयार: "आलो असतो हो, पण कॉस्टिंग राहिलंय."

पण विद्यापीठापुढे नांगरही टिकत नाही. एक दिवस बोर्डावर नोटीस लागली: जुन्या पॅटर्नच्या विद्यार्थ्यांना ही शेवटची संधी. पोरं येऊन दादाच्या खांद्यावर हात ठेवून जाऊ लागली. कॅन्टीनवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. दादाने पेपर दिला, निकाल लागला: १०० पैकी ७१.

त्या वर्षी कॉस्टिंगमध्ये एवढे मार्क नियमित पोरांतही कोणाला नव्हते. मग हळूहळू सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. जो माणूस सुरमईचा भाव, नारळ, गॅस आणि बाईची मजुरी धरून एका थाळीचा खर्च पैशापर्यंत तोंडी सांगतो, त्याला कॉस्टिंग अवघड जाईल कसं? दरवर्षी नेमके किती प्रश्न सोडले म्हणजे पास होता येत नाही, हा हिशेबही त्याशिवाय बसायचा नाही.

पोरांनी दादाला सेंडॉफ दिला, अर्थात पुळ्यालाच. पहिल्यांदाच त्याला फोटोत उभं केलं. त्यात त्याचे डोळे मिटलेले आलेत. भाषणाला उठला आणि "रडू नका" म्हणून खाली बसला. मोडकांचा नंबरच आला नाही.

आता दादा खाणावळीच्या गल्ल्यावर बसतो. मागे गणपतीचा फोटो, त्याखाली खाद्य परवाना, त्याखाली डिग्री. प्रत्येक बॅच पुळ्याला येते ती आधी त्याच्याकडेच जेवायला. शिट्टी खिळ्याला टांगलेली असते. ती घेऊन तो किनाऱ्यावर जातोच. दरपत्रकाच्या तळाशी त्याने एक ओळ लिहून घेतलीय: केटी असलेल्यांस थाळीमागे वीस रुपये सूट, मार्कशीट दाखवावी.

"आणि पास झालेल्यांना?" आम्ही विचारलं.

"पूर्ण पैसे. ते कमावणार ना आता."

"आणि पास होऊनही नोकरी लागली नाही तर?"

दादाने गल्ल्याखालून एक जाडजूड वही काढली. "त्यांची उधारी इथे. गेल्या वर्षी दुसरी वही घ्यावी लागली. कॉस्टिंगमध्ये याला काय म्हणतात माहितेय? बुडीत. पण जेवण थांबवत नाही. जेवले तर थांबतील, थांबले तर एखादा तरी माडावर चढेल."