देवमासा पाहून आलेले काका

निजामाच्या संस्थानाला समुद्र नव्हता, आणि त्या संस्थानातून पुढे आंध्रात व आता तेलंगणात आलेल्या आदिलाबाद जिल्ह्यालाही तो नाही. पैनगंगेला पूर आला की पाण्याविषयीची येथील कल्पना थोडीशी रुंदावते, इतकेच. अशा या कापसाच्या मुलखात, बेला-जैनथकडच्या मराठी घरांतून, अलीकडे एका नव्या प्रकारचे गृहस्थ आढळू लागले आहेत. महसूल खात्यातून सेवानिवृत्त झालेले, उन्हाळा-पावसाळा बोस्टनला मुलाकडे काढून दसऱ्याच्या सुमारास परतलेले, आणि तेथील स्टेलवॅगन बँक नामक उथळ समुद्रात नौकेतून जाऊन हंपबॅक जातीचा देवमासा ‘अगदी जवळून’ पाहिल्याचे ज्यांच्या मुद्रेवरूनच ओळखू येते, असे हे काका होत.

‘अगदी जवळून’ म्हणजे किती, हा प्रश्न मात्र तारीख पाहून विचारावा. दसऱ्याला हे अंतर शंभर फूट असते, दिवाळीच्या फराळापर्यंत चाळिसावर येते, आणि पौष अमावास्येला केसलापुरात नागोबाची जत्रा भरते तेव्हा पन्नास फुटी, तीस टनी तो जीव काकांच्या कोपराला घासून गेलेला असतो. वास्तविक नौकेने आपण होऊन शंभर फुटांच्या आत जाऊ नये, असा त्या समुद्रातला दंडक आहे. परंतु तो देवमाशावर तामील झालेला नसल्यामुळे एखादा जिज्ञासू प्राणी स्वतःच नौकेपाशी येतो, आणि तो जाईपर्यंत कप्तानाला यंत्र थांबवून स्वस्थ बसावे लागते. त्यामुळे काकांची जबानी सपशेल खोटी ठरवणेही अवघड जाते.

पुरावा म्हणून मोबाइलमधले छायाचित्र पुढे येते. त्यात करडे पाणी, कोणाच्या तरी टोपीचा कोपरा आणि एक काळा ठिपका असतो. या ठिपक्याचा काका अर्धा तास पंचनामा करतात. पंख अंगाच्या तिसऱ्या हिश्शाइतका लांब, शेपटीच्या खालच्या बाजूस काळ्या-पांढऱ्या खुणा, आणि त्या प्रत्येकाच्या वेगळ्या असल्याने शास्त्रज्ञांनी त्यांची नोंदवही ठेवलेली. अंगठ्याच्या ठशाखेरीज दुसरे काही खरे न मानणाऱ्या या माणसाला देवमाशांचे हे दप्तर पाहून जितका आनंद झाला, तितका देवमासा पाहून झाला असेल की नाही, याची मला शंका आहे.

खरा पेच सोवळ्याचा होता. देवमाशाच्या उच्छ्वासाचे तुषार काकांच्या अंगावर उडाले, आणि त्याला कुजक्या मासळीचा दर्प असतो हे काकूंनी, कोणी न विचारता, शेजारी सांगून टाकले. काकांनी तत्काळ खुलासा केला: तो मासा नव्हेच, तो पिलाला दूध पाजतो, सबब त्याची गणना गाईच्या बाजूला करावी. हा फैसला काकूंनी कबूल केला, तरी ते जाकीट अद्याप बाहेरच्या खुंटीवर आहे.

एकदा शाळेतल्या एका तरुण मास्तरांनी काकांना सुनावले, की यासाठी अमेरिकेची गरज काय; हंपबॅक आपल्या अरबी समुद्रातही आहेत, आणि ओमानजवळ २०१७ साली उपग्रहाचे यंत्र लावलेली लुबान नावाची मादी तो समुद्र ओलांडून थेट भारताच्या किनाऱ्यापाशी आली होती. शिवाय बोस्टनकडचे हंपबॅक हिवाळ्यात कॅरिबियन समुद्राकडे प्रयाण करतात, अरबी समुद्रातले असे स्थलांतर करीतच नाहीत. काका क्षणभर गप्प झाले, आणि मग, ज्याने उभी हयात किनवटच्या सरहद्दीपासून निर्मळपर्यंत बदल्या सोसल्या त्याच्याच सुरात म्हणाले, “बदलीच होत नाही? वशिला दांडगा दिसतो!”

वाचकांपैकी कोणाला आदिलाबादेस जाण्याचा योग आला, तर त्यांनी काकांकडे अवश्य जावे, चहा घ्यावा, ठिपकाही पाहावा; फक्त दसऱ्याच्या आठवड्यातच जावे, कारण अंतर तेव्हाच खरे असते.