अहो, गुडघे दिसू द्या

नांदेडहून लातूर एसटीने तीन-साडेतीन तास. लोहा, अहमदपूर, चाकूर करत रस्ता जातो आणि या रस्त्याच्या दोन टोकांना काही वर्षं आमचा संसार होता. मी नांदेडला शाळेत, हे लातूरला बँकेत. सुट्टीला हे यायचे, सोमवारी पहाटेची गाडी धरायचे. असं दोन गावांत वाटलेलं जोडपं मराठवाड्यात नवलाचं नाही. आमच्या स्टाफरूममधल्या निम्म्या बायकांचे नवरे कुठल्या ना कुठल्या तालुक्याला असतात. नवल एवढंच की आम्ही दोघं रोज सकाळी व्यायाम मात्र बरोबर करतो.

याला कारण डॉक्टर. दोघांचेही रक्ताचे रिपोर्ट आले आणि दोघांचीही साखर ‘बॉर्डरवर’ निघाली. हे म्हणाले, “बॉर्डरचं काय एवढं? देगलूर ओलांडलं की तेलंगण, उदगीर ओलांडलं की कर्नाटक. आपण जन्मभर बॉर्डरवरच आहोत.” डॉक्टर हसले नाहीत. “दोघं मिळून व्यायाम करा,” ते म्हणाले, “जोडीनं केला की एकमेकांना प्रोत्साहन मिळतं.” डॉक्टरांचं लग्न व्हायचं होतं.

पण त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. 1995 साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी लग्न झालेल्या माणसांच्या व्यायामावर वर्षभर नजर ठेवली. नवरा किंवा बायकोला घरी ठेवून एकटे येणाऱ्यांतले 43 टक्के वर्षभरात गळाले. जोडीनं येणाऱ्यांतले फक्त 6.3 टक्के. मी हे मोठ्या उत्साहानं यांना फोनवर वाचून दाखवलं. पलीकडून आवाज आला, “म्हणजे सहा टक्क्यांना परवानगी आहे.”

उरलेल्या चौऱ्याण्णव टक्क्यांबद्दल माझं स्वतःचं एक मत आहे. ते प्रेमापोटी टिकले नसणार. ‘मी उठलो होतो, तूच उठली नाहीस’ हे वाक्य समोरच्याला आयुष्यभर वापरायला मिळू नये, म्हणून टिकले असणार. लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसाला पहाटे साडेपाचला अंथरुणातून ओढून काढायची ताकद दुसऱ्या कुठल्याही विचारात नाही.

कार्यक्रम आम्ही यूट्यूबवरचाच निवडला, फुकटातला. त्यात एक पिळदार तरुण हिंदीत ओरडतो, “बस पाँच और!” आणि त्याचे पाच कधीच संपत नाहीत. त्याला टीव्हीवर लावायचं, मोबाइल तूरडाळीच्या डब्याला टेकवायचा, यांना व्हिडिओ कॉल लावायचा आणि सुरुवात. पहिल्या दिवशी मला यांच्या खोलीचा पंखा दिसला. दुसऱ्या दिवशी यांचं कपाळ. पुढे बरेच दिवस उठाबशांच्या वेळी यांचं डोकं मोठ्या इमानदारीनं पडद्यावर खाली-वर होत होतं आणि आपला नवरा इतका न दमता उठाबशा काढतो याचं मला कौतुक आणि वैषम्य दोन्ही वाटत होतं. मग एकदा मोबाइल घसरला आणि कळलं की हे खुर्चीत बसून मान खाली-वर करत होते. तेव्हापासून घरात नियम झाला. कॉल लागला की मी आधी म्हणते, “अहो, गुडघे दिसू द्या.” एकदा शाळेत प्रार्थनेआधी यांचा फोन आला, तेव्हाही सवयीनं तोंडातून हेच निघालं. मुख्याध्यापिका शेजारीच उभ्या होत्या.

शेवटच्या शवासनात एक पेच पडायचा. समोरचं चित्र हलायचं नाही. नेट अडकलंय की माणूस? मी त्यावर उपाय काढला, वरचा पंखा बघायचा. पंखा थांबलेला असेल तर नेट अडकलंय, कॉल कापून परत लावायचा. पंखा फिरत असेल तर चित्र ठणठणीत आहे, हे झोपलेत.

लातूरची यांची खोली दुसऱ्या मजल्यावर आणि खाली सगळी नीटची मुलं. गुणवत्ता यादीपासून निघालेला लातूर पॅटर्न आता डॉक्टरकीच्या प्रवेशापर्यंत आलाय, त्यामुळे त्या गल्लीत माणसापेक्षा पुस्तकं जास्त. आम्ही हात-पाय फाकवून उड्या मारण्याच्या धड्यावर आलो आणि चार दिवसांत खालचा एक पोरगा जिना चढून वर आला. हिंगोलीकडचा होता, चष्मा कपाळावर, हातात हायलायटर. मी सगळं मोबाइलवर बघत होते. तो अत्यंत अदबीनं म्हणाला, “काका, तुम्ही उड्या मारल्या की माझ्या टेबलवरचा लॅम्प हलायलाय. मॉक टेस्ट झाली की मारा ना.” यांचा चेहरा असा उजळला की लग्नातही मी तो तसा पाहिला नव्हता. “पोराच्या भवितव्याचा प्रश्न आहे,” हे मला म्हणाले, “एका डॉक्टरच्या सांगण्यावरून दुसरा डॉक्टर घडू द्यायचा नाही, हे काही बरोबर नाही.” मी त्याच दिवशी न उडता करायचे सगळे प्रकार शोधून काढले.

मग हे पाण्यावर आले. व्यायाम म्हणजे घाम, घाम म्हणजे दुसरी आंघोळ, आणि दुसरी आंघोळ लातूरकराच्या मनाला पटत नाही. यात यांना हसता येत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात हे तिथेच होते. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली रेल्वे आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन. ज्या गावानं पाणी रुळांवरून येताना पाहिलं, ते गाव घाम गाळताना दहादा विचार करणारच. त्या वर्षी अख्ख्या लातूरनं घागरी आणि कॅन उचलून जेवढा व्यायाम केला तेवढा कुठल्या जिममध्ये झाला नसेल, आणि हौसेनं तर कोणीच केला नव्हता. मी त्यावर जास्त बोलले नाही. एवढंच म्हटलं, पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार तो पोरगा वर आणून देतो, तो तुम्ही स्वतः आणा. वीस किलो, दोन मजले, घाम आपोआप. एकदा आणला. दुसऱ्या दिवशी कंबरेला पट्टा आणि कॉलवर फक्त कपाळ.

इकडे नांदेडला माझ्यामागे वेगळाच लकडा. सासूबाई. त्या पहाटे उठतात, चहा घेतात आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसतात. हा कार्यक्रम एकही दिवस न चुकवणारी घरातली एकमेव व्यक्ती म्हणजे त्या, फक्त त्या हलत नाहीत. सुरुवातीला त्यांना टीव्हीतल्या मुलाची काळजी वाटायची. “रोजच वरडायलाय बिचारा. ह्याला घरी कोणी नाही का?” मग त्यांनी मोजायला घेतलं. “काल ईस झाल्ते, आज पंधरावरच बसलीस.” मी म्हटलं, आई, पाठ दुखतीय. त्या म्हणाल्या, “दुखू दे की. त्याचीबी दुखायलीच असंल.” काळजी होती ती लातूरच्या लेकाची, माझी नव्हे, हे कळायला मला वेळ लागला.

सासूबाईंचं व्यायामातलं प्रमाण म्हणजे रामदेवबाबा. 21 जून 2019 ला राज्याचा योग दिवसाचा मोठा सोहळा नांदेडलाच झाला, बाबा आणि तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस दोघंही आले होते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक आसनाची तुलना थेट बाबांशी होते. “ते पोट पाठीला लावतेत. तू निदान ओढणीच्या आत तरी घे.”

बर्पी नावाचा जो प्रकार आहे, उभं राहा, बसा, पाय मागे फेका, परत या, परत उभं राहा, तो सुरू झाला तेव्हा यांच्यातला बँकवाला जागा झाला. कर्जाच्या कागदांत कलम शोधावं तसं यांनी शोधून काढलं की हा प्रकार 1930 च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉयल बर्पी नावाच्या गृहस्थांनी काढला, तोही व्यायाम म्हणून नाही, माणसाची तब्येत जोखायची चाचणी म्हणून, आणि त्यांनी सलग चारच सांगितल्या होत्या. “चार!” हे ओरडले. “मूळ मालकानं चार म्हटल्यावर हा कोण वीस सांगणारा?”

मी गप्प बसणारी नाही. मी औंध काढलं. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे एवढे वेडे की त्यांनी ते स्वतः घातले, संस्थानातल्या शाळांत मुलांना घालायला लावले, त्यावर पुस्तक लिहिलं आणि लंडनपर्यंत पोचवले. 1938 साली लुईस मॉर्गन नावाच्या पत्रकार बाईंनी ते पुस्तक इंग्रजी वाचकांसाठी तयार केलं. आणि राणीसाहेब? त्याही नमस्कार घालत. “बघा,” मी म्हटलं, “राजा-राणी दोघं. घरात नोकरचाकर असून.” हे क्षणभर थांबले. “त्यांना एकच राजवाडा होता,” हे म्हणाले. “औंधच्या राजाची बदली झाली होती का कधी लातूरला?”

याला उत्तर नव्हतं. खरं म्हणजे नमस्कार आणि बर्पी यांत मला फारसा फरक दिसत नाही. एकात सूर्य असतो, दुसऱ्यात नसतो.

रविवारी वजन. हा दिवस मी यापुढे कुठल्याही जोडप्याला सुचवणार नाही. पुरुषांचं वजन सुरुवातीला भराभर उतरतं, ते शरीराच्या घडणीतच आहे, हे मला माहीत होतं. पण खुर्चीत बसून मान हलवणारा माणूस काट्यावर उभा राहतो आणि दोन किलो कमी भरतो, आणि पाठ मोडेपर्यंत उठाबशा काढणारी बाई जिथल्या तिथे, हे माहीत असणं वेगळं आणि बघणं वेगळं. वर हे मला म्हणाले, “निराश होऊ नकोस, सातत्य ठेव.” त्या एका वाक्यावर मी पुढचा सबंध उन्हाळा व्यायाम केला. नांदेडच्या मे महिन्यात, जिथे पहाटे पाचलाही फरशी गरम असते, तिथे. डॉक्टर ज्याला प्रोत्साहन म्हणत होते ते बहुधा हेच असावं.

यांना पाहुण्या मेव्हण्यानं एक मनगटावरचं घड्याळ दिलं, पावलं मोजणारं. दहा हजार पावलांचा तो आकडा कुठल्या वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. टोकिओ ऑलिम्पिकनंतर 1965 मध्ये जपानात एक पावलं मोजायचं यंत्र विकायला निघालं, त्याचं नावच दहा हजार पावलांवर होतं. हे मी यांना मुद्दाम सांगितलं नाही. हे संध्याकाळी लातूरच्या गंजगोलाईला फेऱ्या मारायचे. गोल बाजार, सोळा रस्ते फुटतात, चालायला जागा उत्तम. पण त्या सोळांतला एखादा रस्ता खाण्याकडे जातोच. एकदा घड्याळात साडेनऊ हजार पावलं भरली आणि शर्टाच्या खिशात पिवळ्या निलंगा राईसची दोन शितं सापडली. मी शर्ट मशीनमध्ये टाकायच्या आधी ती काढून एका वाटीत ठेवली आणि वाटी काही न बोलता यांच्या समोर सरकवली. हे म्हणाले, “वाऱ्यानं उडून आली असतील.”

आणि वेळ अमावस्या. ज्यांना लातूर माहीत नाही त्यांना सांगून पटणार नाही, पण त्या दिवशी गाव संचारबंदी लागल्यासारखं ओस पडतं. सगळे शेतात. कडब्याची कोप, तिच्यात पांडवांची पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर. ज्याचं शेत नाही त्याला शेतवाला बोलावून नेतो, आणि बोलावलेल्याला पहिल्या वाढपावर सोडलं तर शेतवाल्याचा अपमान. भज्जीत तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, पालेभाज्या, बेसन, सगळं रान एका पातेल्यात. मी त्या वर्षी सुट्टी काढून लातूरला गेले होते. प्रत्यक्ष समोर असल्यामुळे यांच्यावर नजर ठेवायची म्हणून मी यांच्या शेजारीच बसले, आणि नजर ठेवता ठेवता आंबिलीचे किती पेले झाले ते विचारू नये. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं एकाच खोलीत होतो, मोबाइल बंद होता, आणि व्यायामाचं नाव कोणी काढलं नाही. कोणावर बोट ठेवणार? दोघंही सारखेच सापडलेले. जोडीच्या व्यायामाला सगळ्यात मोठा धोका भांडणाचा नाही, असल्या समेटाचा आहे.

साखर मात्र उतरली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून आमचं अभिनंदन केलं. त्यांचंही दरम्यान लग्न झालं होतं. “कसं जमवलंत?” त्यांनी जरा खालच्या आवाजात विचारलं.

आणि यंदा यांची नांदेडला बदली झाली. सामान आलं, पुस्तकं आली, कंबरेचा पट्टा आला. पहिल्या सोमवारी मी साडेपाचला दिवाणखान्यात दोन चटया टाकल्या. हे येऊन उभे राहिले. टीव्हीतला मुलगा ओरडू लागला. दोन मिनिटांत यांचा हात माझ्या नाकाला लागला, माझा पाय यांच्या चष्म्यावर पडला, आणि “असं नाही, असं” हे वाक्य दोघांनी एकदम उच्चारलं. मग हे आपली चटई गुंडाळून जिन्याकडे निघाले.

“मी गच्चीवर जातो. तू कॉल लाव.”

मी मोबाइल डब्याला टेकवला. सासूबाईंनी खुर्ची जरा पुढे ओढली, चहाचा घोट घेतला आणि पडद्यावरच्या आभाळाच्या तुकड्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

“गुडघे दिसत नाहीत म्हण त्याला,” त्या म्हणाल्या. “आता म्हणंल, गच्चीवर रेंज नाही.”