भाचीचे संगणकशास्त्र

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीस विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला संगणकशास्त्र हा विषय ‘बायफोकल’ म्हणून घेता येतो. मात्र त्यासाठी दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांवर पाणी सोडून २०० गुणांची ही नवी जहागीर कबूल करावी लागते. आमच्या भाचीने मराठी आणि जीवशास्त्र या दोघांनाही एकाच अर्जाने निरोप दिला. तिचा मामा मराठीत लिहून पोट भरतो, ही गोष्ट तिने निर्णयापूर्वी नीट विचारात घेतली असावी, असा माझा दाट संशय आहे.

आता ही मुलगी रात्रंदिवस यंत्रापुढे बसणार, अशी चिंता घरात सुरू झाली होती. परंतु प्रत्यक्षात घरी आले ते जर्नल. त्याच्या उजव्या, रेघी पानावर सी प्लस प्लसचा प्रोग्राम सुवाच्य अक्षरांत उतरवायचा आणि डाव्या, कोऱ्या पानावर पेन्सिलीने त्याचे आउटपुट काढायचे. म्हणजे संगणक काय उत्तर देईल हे संगणकाला तसदी न देताच नोंदवायचे, असा हा दप्तरी कारभार. लेखी परीक्षेतही प्रोग्राम पेनानेच लिहायचा, तेव्हा राहून गेलेला अर्धविराम दाखवून देण्याची कंपायलरची जबाबदारी तपासनिसाकडे जाते, आणि तो ती गुण कापून पार पाडतो.

सर्वांत आदराचे स्थान मात्र ८०८५ या मायक्रोप्रोसेसरला. इंटेलने तो १९७६ साली काढला, म्हणजे वयाने तो भाचीच्या आईहूनही वडील. आणि त्याच्या ४० पिनांची नावे भाची ज्या निष्ठेने घोकते, त्या निष्ठेने तिने आपल्या ४ मावश्यांची नावेही कधी ध्यानात ठेवली नाहीत. प्रयोगशाळेतल्या किटवर पाचांत तीन मिळवण्यासाठी ती ‘थ्री-ई, झिरो-फाइव्ह’ असा आरंभ करून ९ बाइट्स एकेक करून दाबते, तेव्हा कुठे लाल अंकांत ‘०८’ उमटतात. त्यातही बेरीज सी-वन-झिरो-झिरो या पत्त्यावर ठेवायची, तर आधी झिरो-झिरो आणि मग सी-वन.

“उलटं का गं?” मी विचारले.

“मामा, लोअर बाइट आधी.”

‘अंकानां वामतो गतिः’ हे आपल्या पूर्वजांनी केव्हाच सांगून ठेवले आहे, असे मी तिला सगर्व ऐकवले. पण संस्कृतही तिच्या विषयांत नसल्यामुळे त्याचा यत्किंचितही परिणाम झाला नाही.

तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री परीक्षकाची भूमिका मजकडे आली. स्टॅक म्हणजे काय, तर जो शेवटी येतो तो आधी बाहेर पडतो, हे तिने खडाखडा सांगितले, आणि सरकारी कचेरीतील अर्जांची वहिवाट ठाऊक असल्यामुळे मलाही ते तत्काळ पटले. पुढे क्यू होता. त्यात म्हणे, आधी आलेल्याचे काम आधी होते. हा प्रकार मी केवळ त्या पुस्तकातच पाहत असल्यामुळे, त्यावर प्रश्न न विचारता पान उलटले.