न दुखणाऱ्या दुखण्याची गोळी

दाढ ठणकली की माणूस रात्री दोन वाजता दातांचा डॉक्टर शोधायला लागतो. बीपीचं तसं नाही. वरचा आकडा 160 झाला तरी माणूस खुशाल मिसळीवर तर्री मागत असतो. अशा धडधाकट गड्याला डॉक्टर सांगतात, "उद्यापासून रोज सकाळी एक गोळी. चुकवायची नाही." दुखत काहीच नव्हतं, मग बरं झालं हे कळायचं कसं?

खरी पंचाईत पुढे होते. मशीन 120/80 दाखवतं आणि आमच्या सोसायटीतले तात्या बाकावर जाहीर करतात, "बीपी नॉर्मल आलं. गोळी सोडली!" अंगावर थेंब पडत नाही म्हणून भर पावसात छत्री मिटावी, तसलं हे शहाणपण. गोळीचं काम म्हणजे काहीही न घडू देणं. आणि न घडलेल्या गोष्टीचं श्रेय आपण कुणाला देतो?

श्रेय द्यायचं तर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना आठवावं. डॉक्टर दिमतीला होते, पण प्रभावी गोळीच नव्हती. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव झाला, तेव्हा त्यांचा रक्तदाब 300/190 होता. त्यानंतर चारच वर्षांनी आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी सर्पगंधेच्या मुळीचे रक्तदाबावरचे प्रयोग 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले आणि जगाचं लक्ष त्या मुळीकडे गेलं. त्या औषधानं नाक चोंदायचं, काहींचं मनही खचायचं. पुढे ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषाचा अभ्यास करता करता कॅप्टोप्रिल ही बीपीची गोळी हाती लागली. नागपंचमीला त्याच्याही नावानं वाटीभर दूध ठेवायला हरकत नाही.

आता गोळ्यांचा तोटा नाही. एकीनं घोटे सुजतात, दुसरीनं कोरडा खोकला लागतो; तेवढं डॉक्टरांना सांगितलं की ते बदलून देतात. बाकावर मात्र बिस्किटांसारखी अदलाबदल चालते, ती मला मुळीच पसंत नाही.

मिठाचा प्रश्न उरतोच. दिवसाला जेमतेम चमचाभर, 5 ग्रॅमच्या आत, असा दंडक आहे. आपल्या ताटाची डावी बाजू पाहिली तर लोणचं, पापड आणि चटणीच तेवढं फस्त करतात. काकूंनी तात्यांची गोळी आता मिठाच्या बरणीच्या झाकणावर ठेवायला सुरुवात केलीय. मीठ हवं तर आधी गोळी घ्या. तात्या गोळी निमूट गिळतात आणि मग वरून मीठ घेतात, हक्कानं.