तिसरा डोळा आणि कानाडोळा

आपल्या राज्यातल्या पोलिसांना आता सगळं दिसतं. सिग्नल लाल झाल्यावर तुमचं पुढचं चाक पांढऱ्या पट्ट्यावर गेलं, तरी दिसतं. हेल्मेट डोक्यावर नसून डिकीत आहे, हेही दिसतं. 2019 पासून ई-चलन राज्यभर सुरू झालं आणि दंडाचा मेसेज तुमच्याआधी घरी पोचू लागला. आकारलेल्या दंडापैकी निम्म्याहून अधिक रक्कम थकलेली आहे, ही किरकोळ बाब. शेवटी 2025 मध्ये वरिष्ठांना आदेश काढावा लागला, की चलनासाठी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढू नका. झाडाआड उभं राहून केलेल्या या छायाचित्रणाला शासनाने वेळीच आवर घातला नसता, तर खात्याचं वार्षिक प्रदर्शनच भरवावं लागलं असतं.

हाच चौक, हेच कॅमेरे. फक्त एकदा तुमची गाडी चोरीला जाऊन बघा. ‘त्या बाजूचा कॅमेरा मेंटेनन्सला आहे.’ ‘फांदी आडवी आलीये, महापालिकेला पत्र दिलंय.’ ‘फुटेज होतं, पण तुम्ही उशिरा आलात.’ मग सल्ला मिळतो, ‘असं करा, समोरच्या सराफाकडे आणि त्या मेडिकलवाल्याकडे कॅमेरे आहेत. त्यांच्याकडून पेन ड्राइव्हवर घेऊन या.’ गाडी तुमची, पेन ड्राइव्ह तुमचा, पायपीटही तुमचीच. खात्याने तंत्रज्ञानाच्या जोडीला लोकसहभाग आणला तो असा.

आमच्या शेजारी एक निवृत्त हेडमास्तर राहतात. बसच्या गर्दीत त्यांचा मोबाइल मारला गेला. मास्तर शिस्तीचे, तडक पोलीस ठाण्यात. टेबलावर दोन संगणक, एक चालू, दुसऱ्याच्या मॉनिटरवर हार घातलेला, दसऱ्याचा असावा.

‘काका, फोन हरवला की चोरीला गेला?’ हवालदारसाहेबांनी विचारलं.

‘खिशातून काढला हो!’

‘काढताना बघितलं का?’

‘बघितलं असतं तर काढू दिला असता का?’

‘मग गहाळ लिहा. ऑनलाइन भरा, लगेच दाखला मिळतो.’

‘पण चोरी झालीये...’

‘आणि बस तेव्हा कुठल्या हद्दीत होती?’

इथे मास्तर गप्प झाले. चाळीस वर्षं भूगोल शिकवूनही त्यांना या प्रश्नाचं उत्तर येईना. गंमत अशी, की मोबाइल शोधायची यंत्रणा खरोखर चांगली आहे. केंद्राच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय नंबर टाकला की हँडसेट कुठल्याही नेटवर्कवर बंद पाडता येतो. कुणी त्यात दुसरं सिम घातलं तर माग लागतो, आणि सापडलेले फोन पोलीस रीतसर समारंभ करून, मागे बॅनर लावून मालकांना परतही देतात. म्हणजे यंत्र गहाळ फोनही शोधतं आणि चोरीचाही. मग गहाळच का लिहायचं? कारण चोरी लिहिली की गुन्हा वाढतो आणि महिन्याच्या क्राइम मीटिंगला साहेब विचारतात. गहाळ लिहिलं की शहर सुरक्षित राहतं.

आता तर कृत्रिम बुद्धिमत्ताही रुजू झाली आहे. 2024 मध्ये नागपुरात राज्य पोलिसांसाठी ‘मार्व्हल’ नावाची कंपनी निघाली. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मदतीने ‘महाक्राइम ओएस’ ही तपासाची प्रणाली राज्यातल्या सुमारे 1,100 ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. ती गुन्ह्याचे कागद वाचते, तपासाचा आराखडा सुचवते. उत्तम आहे. फक्त तिला वाचायला आधी गुन्हा दाखल झालेला लागतो. बाकावर तीन तास बसून घरी परतलेल्या माणसाची फिर्याद वाचणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही.

चेहरा ओळखण्याच्या यंत्राची कीर्ती तर निराळीच. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात हरवलेल्या मुलांचा विषय निघाला, तेव्हा दिल्ली पोलिसांच्या या यंत्राची अचूकता 2 टक्के असल्याचं समोर आलं. पुढच्या वर्षी केंद्राच्या महिला व बालविकास खात्याने तर सांगितलं, की त्याला मुलगा आणि मुलगी यांतला फरकही कळत नाही. पुढे माहितीच्या अधिकारात दिल्ली पोलिसांनी कळवलं, की 80 टक्के साम्य असेल तर चेहरा जुळला असं आम्ही धरतो. आपल्याकडे 35 टक्क्यांना पास करतात. त्या हिशेबाने 80 म्हणजे डिस्टिंक्शनच. मात्र उरलेल्या 20 टक्क्यांत तुमचा चुलतभाऊ निघाला, तर जामिनाची धावाधाव तुम्हालाच करायची आहे.

पंचनाम्याचंही रूप पालटलं. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले आणि झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण सक्तीचं झालं. त्यासाठी ‘ई-साक्ष्य’ हे ॲप आलं. पूर्वी प्रत्येक पंचनाम्यावर ठाण्यासमोरच्या त्याच पानवाल्याची सही असायची आणि कोर्टात तो फितूर व्हायचा. आता तोच पानवाला चित्रफितीत दिसेल, आणि कॅमेऱ्याकडे बघून फितूर व्हायचं की नाही, हे त्यालाच ठरवावं लागेल. चित्रीकरण करणाऱ्या अंमलदाराची अवस्था मात्र हसण्यासारखी नाही. गणपतीचा बंदोबस्त, मंत्र्यांचा दौरा, त्यात बारा-बारा तासांची ड्युटी. मोबाइल अनेकदा स्वतःचा, डेटा पॅकही स्वतःच्याच खिशातला. वरून दर सहा महिन्यांनी एक नवं ॲप येतं. आधीचं वहीतलं काम काही जात नाही.

तंत्रज्ञान पूर्णपणे आत्मसात केलंय ते एकाच प्रकारच्या पोलिसांनी, नकली. डिजिटल अरेस्टवाले बघा. फोन तेच लावतात, तोही वेळेवर. व्हिडिओ कॉलवर गणवेश कडक, मागे अशोकस्तंभ, टेबल स्वच्छ. हद्दीचा प्रश्न नाही, साहेब कधी बंदोबस्ताला गेलेले नसतात आणि सर्व्हर तर कधीच डाऊन नसतो. तुमचं सगळं प्रकरण ते घरबसल्या, एका दिवसात निकाली काढतात. फक्त बँक खातं रिकामं करून. हा धंदा इतका वाढला, की ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये लोकांना सावध करावं लागलं, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. माणसं फसतात यात आश्चर्य काय? पोलीस इतक्या तत्परतेने बोलतोय म्हटल्यावर खरं तर तिथेच संशय यायला हवा होता.

खऱ्या पोलिसांकडे मात्र एक जागा अशी आहे, जिथे तिसरा डोळा अजून अंधूक आहे. 2 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, लॉकअपपासून व्हरांड्यापर्यंत, आवाजासकट आणि रात्रीही दिसेल असं चित्रण करणारे कॅमेरे बसवा आणि फुटेज शक्यतो 18 महिने, निदान वर्षभर जपा. पाच वर्षं होत आली तरी, सप्टेंबर 2025 मध्ये, त्याच न्यायालयाला बंद कॅमेऱ्यांची दखल स्वतःहून घ्यावी लागली. निमित्त होतं राजस्थानात आठ महिन्यांत पोलीस कोठडीत झालेल्या 11 मृत्यूंच्या बातमीचं. चलन फाडायचं असलं की चौकातला कॅमेरा पावसापाण्यात, धुळीत चालतो. ठाण्याच्या छताखालचा नेमका बिघडतो. बाहेर तिसरा डोळा, आत कानाडोळा.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात, शाळेत लैंगिक अत्याचार झालेल्या दोन चिमुरड्यांच्या आईबापांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी तासन्‌तास ताटकळावं लागलं आणि उच्च न्यायालयाने त्यावरून पोलिसांना फटकारलं. तिथे कुठलं यंत्र कमी पडलं होतं? दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की तो नोंदवलाच पाहिजे, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2013 चा आहे. हद्द कुठलीही असो, फिर्याद घ्यायची आणि मग वर्ग करायची, हे नव्या कायद्यात लिहिलेलं आहे. यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. एक पेन पुरतो आणि तो उचलायची इच्छा.

म्हणून शासनाला एकच सूचना. ई-चलनाचं यंत्र एकदा आत वळवा. फिर्यादी बाकावर बसल्यापासून घड्याळ चालू करा, आणि विनाकारण ताटकळवलं की ठाण्याच्या नावाने चलन फाडा. थकबाकी राहिली तर लोक अदालतीत सवलत द्यायला आमची ना नाही.

ते होईपर्यंत वाचकहो, एवढं ध्यानात ठेवा. पैसे ऑनलाइन गेले तर क्षणाचाही उशीर न करता 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. आणि ठाण्यात फिर्याद घेतली नाहीच, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173(4) तुमच्या बाजूने आहे. सगळी हकीकत लिहून पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. अधीक्षकांना कशाने पाठवायचं, हेही कायद्याने सांगून ठेवलंय: टपालाने. स्पीड पोस्ट करा आणि पावती जपून ठेवा.